दहा नंबरची जर्सी: एका उपांत्य सामन्याच्या तयारीचं प्रकरण

फुटबॉलचा सामना मंगळवारी होता. आधीच्या गुरुवारी संध्याकाळपर्यंत माझ्या वहीत समोरच्या संघाबद्दल २३ मुद्दे जमले होते. मंगळवारी मध्यंतराला आम्ही ०-२ ने मागे होतो, आणि त्यातला निदान एक गोल त्या वहीनेच आमच्यावर चढवला होता. कसा, ते घडलं तसं मांडतो. शाळांची आणि मुलांची नावं घालत नाही. पोरं अजून शिकताहेत, आणि समोरच्या शाळेतले सर आता माझे मित्र आहेत.

मी जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. म्हणजे कबड्डी, खो-खो, मैदानी स्पर्धा, पंधरा ऑगस्टची कवायत, निवडणुकीची ड्युटी आणि उरलेल्या वेळात फुटबॉल. आमची पोरं केळी-कपाशीच्या गावांतून सायकलवर येणारी. पायात जोर भरपूर, पण चेंडूशी ओळख सहावी-सातवीपासूनची. भुसावळचं तसं नाही. रेल्वेचं गाव, रेल्वे कॉलन्यांची मोकळी मैदानं. तिथं पोरगं चालायला लागलं की चेंडूला पाय लावतं. १७ वर्षांखालील मुलांच्या शालेय जिल्हास्तर स्पर्धेत आम्ही पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचलो आणि गाठ पडली ती भुसावळच्याच एका शाळेशी. इथून दोन सामने जिंकले की नाशिक विभाग, म्हणजे नाशिक, धुळे आणि नंदुरबारचे विजेते समोर. शाळेतल्या शिपाईमामांपासून हेडसरांपर्यंत सगळे एकदम फुटबॉलतज्ज्ञ झाले होते.

गुरुवारी जळगावला आमचा सामना सकाळी झाला, त्यांचा दुपारी. बाकीच्या पोरांना सहकारी सरांबरोबर एसटीत बसवून दिलं. कॅप्टन आणि उजवा बॅक (बचावातला उजवीकडचा खेळाडू), या दोघांना घेऊन मी मागे थांबलो. आदल्या रात्री चांगला पाऊस पडून गेला होता. मैदान काळ्या मातीचं. ज्यांनी अशा मैदानावर बूट घातले असतील त्यांना सांगायला नको: पाच मिनिटांत प्रत्येक पायाला अर्धा किलो माती, आणि चेंडू टप्पा पडला की पडल्या जागी बसतो.

मी वही काढली आणि लिहीत सुटलो. गोलकीपर गोल किक लांब मारतो. १७ पैकी १४ वेळा चेंडू मधल्या रेषेपलीकडे गेला. दहा नंबरचा उंच पोरगा पुढे उभा राहतो, सगळे चेंडू त्याच्याच डोक्यावर. मधल्या फळीतून पास जवळजवळ नाहीतच. उजवीकडचा विंगर वेगवान. डावखुरा सहा नंबर थ्रो-इन (कडेबाहेर गेलेला चेंडू हातांनी आत टाकतात तो) इतका लांब टाकतो की चेंडू थेट गोलच्या तोंडाशी पडतो. त्या थ्रोच्या वेळी दोन्ही बॅक पुढे येतात, मागे एकच माणूस राहतो. अशी पानं भरली. सामना त्यांनी ४-० ने जिंकला.

ती वही आज उघडली की मला तिच्यात काय नाही ते आधी दिसतं. मैदान ओलं होतं याचा त्यात शब्द नाही. त्या दिवशी त्यांच्यासमोरचा संघ किती कच्चा होता, याचा नाही. भुसावळच्या दोन पोरांच्या जर्स्या आकाराने मोठ्या होत्या, एकाने तर बाह्या दुमडल्या होत्या; ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, पण लिहिलं नाही. लिहिण्यासारखं वाटलंच नाही.

शुक्रवारी माहितीचा महापूर आला. नववीतल्या एका पोराने इन्स्टाग्रामवर त्या शाळेच्या रील्स शोधून काढल्या. सहा रील्स, सगळ्या गोलांच्या, मागे ढोल-ताशाचं संगीत. रील बघून एवढंच कळतं की त्यांनी गोल केले. चेंडू हातचा गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत ते काय करतात, कोण मागे धावतं, कोण कमरेवर हात ठेवून उभं राहतं, हे कुणीच रीलमध्ये टाकत नाही, आणि प्रशिक्षकाला हवं असतं नेमकं तेच. शिवाय त्यातल्या दोन गतवर्षीच्या निघाल्या. पंधरा-सोळाच्या वयात वर्ष म्हणजे फार झालं. पोरगं एका पावसाळ्यात चार बोटं वाढतं, तोल बिघडतो, पुन्हा येतो. दहावीच्या क्लासपायी अर्धा संघ बदलतो. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये जुनी चित्रफीत कामाला येत असेल. शाळेच्या फुटबॉलमध्ये ती शिळी भाकरी.

मग फोन. भुसावळला बीपीएडच्या, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या, काळातले एक ओळखीचे सर आहेत. ते म्हणाले, ‘ते पोरं? एकदम तयार आहेत भो, तुमचं काही खरं नाही.’ यात भीती होती, माहिती नव्हती. आमच्या गोलकीपरच्या मावसभावाने मात्र एक कामाची गोष्ट सांगितली: त्यांचा लांब थ्रो टाकणारा पोरगा टाकण्याआधी चेंडू शर्टाला पुसतो. पुसला की लांब, नाही पुसला की जवळ. हे मी गुरुवारी तासभर बघूनही टिपलं नव्हतं. पोरं पोरांना ज्या बारकाईने बघतात तसं आपण बघत नाही.

याच दिवशी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. ‘सर, खरा अभ्यास करायचा तर जन्मदाखले बघा. एखादा तरी वयात बसत नसेल. हरकत घ्या, काम खलास.’ आमच्या क्षेत्रात प्रतिस्पर्ध्याचा अभ्यास म्हणजे काय, हे विचारलं तर दहापैकी चार जण हेच उत्तर देतील. वयचोरी होते, ती पकडलीही पाहिजे, पण त्यासाठी काही कारण दिसायला हवं. हरायची भीती हे कारण होत नाही. मी तो विषय तिथेच सोडला.

दुसरी सूचना हेडसरांची: शनिवारी भुसावळला चक्कर टाकून त्यांचा सराव बघून या. त्यांना मी २०१९ ची गोष्ट सांगितली. त्या जानेवारीत इंग्लंडमधल्या लीड्स युनायटेड क्लबचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सांनी पाठवलेला एक माणूस डर्बी काउंटीच्या सराव मैदानाबाहेर सापडला. बिएल्सांनी कबूल तर केलंच, वर पत्रकार बोलावून आपण प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचा किती खोल अभ्यास करतो ते पडद्यावर दाखवलं. क्लबला दोन लाख पौंड दंड झाला, आणि त्या लीगने सामन्याआधी ७२ तासांत दुसऱ्याचा सराव बघायला बंदी घातली. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तर कॅनडाच्या महिला संघाचे सहा गुण गेले, न्यूझीलंडच्या सरावावर ड्रोन उडवल्याबद्दल. आपल्याकडे असा नियम कोण करणार? पण स्पर्धेतला सामना चारचौघांत होतो, तो बघायचा हक्क सगळ्यांना आहे. सराव म्हणजे घरातलं जेवण. मी काही गेलो नाही. आणि ओघात सांगतो, दुसऱ्या शाळेच्या पोरांचं मोबाइलवर चित्रण करायचं तर आधी त्यांच्या सरांना किंवा मॅडमना विचारतो. मुलींच्या सामन्यात तर विचारल्याशिवाय मोबाइल खिशातून काढतच नाही. कडेला उभा राहून परक्या मुलींचं शूटिंग करणारा अनोळखी पुरुष कसा दिसतो, याचा विचार शिक्षकाने तरी करावा.

आता योजना. वहीवरून माझा निष्कर्ष सरळ होता: हे लांब मारणारे लोक आहेत. म्हणून आमचे चारही बॅक नेहमीपेक्षा दहा पावलं मागे उभे राहतील. दहा नंबरला दोन जण धरतील, एक पुढून, एक मागून. त्यांच्या डोक्याला लागून सुटणारा चेंडू मधल्या फळीने गोळा करायचा. थ्रो-इनच्या वेळी कोण कुठे उभा राहील तेही ठरलं. शुक्रवार-शनिवार आम्ही हेच घोटलं, पण थ्रो-इन सोडला तर सगळं तोंडीच. रविवार गेला, कारण तो कानबाईच्या सणाचा होता. नागपंचमीनंतरच्या त्या रविवारी खान्देशात सराव ठेवायचं धाडस मी एकदाच केलं होतं. मैदानावर मी आणि शाळेचं कुत्रं असे दोघेच होतो. सोमवारी सकाळी विसर्जन, दुपारी पोरं झोपलेली. म्हणून सोमवारी रात्री संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी २३ पैकी निवडक ११ मुद्दे टाकले. सगळ्यांच्या निळ्या टिका आल्या. मला वाटलं, वाचलं.

यावर २००६ च्या विश्वचषकातली एक गोष्ट मला फार उशिरा आठवली. जर्मनी-अर्जेंटिना उपउपांत्य सामना पेनल्टींवर गेला तेव्हा जर्मनीचा गोलकीपर येन्स लेमान मोज्यात एक चिठ्ठी घेऊन उभा होता. त्यावर अर्जेंटिनाच्या सात खेळाडूंची नावं आणि ते कुठे मारतात ते. प्रत्यक्षात पेनल्टी मारायला आलेल्या चौघांपैकी चिठ्ठीत दोघंच होते. आयाला चिठ्ठीत होता, लेमानने त्याची अडवली. काम्बियासो चिठ्ठीत नव्हता, त्याचीही अडवली. जगातला उत्तम गोलकीपर, एका वेळी एकच चेंडू, समोर एकच माणूस, आणि तरी एवढीशी चिठ्ठी अर्धीच कामाला आली. मी मात्र केळीच्या बागेतून आलेल्या पोरांना पळता पळता ११ कलमं लक्षात ठेवायला सांगत होतो.

मंगळवारी सकाळी विदगावच्या पुलावरून तापी ओलांडताना ऊन लख्ख पडलं होतं. तीन दिवस पाऊस नव्हता. मैदान तेच, पण माती वाळून टणक झालेली, चेंडू टेबलावर घरंगळावा तसा पळत होता. मला ते छान वाटलं. त्यातून काही निष्कर्ष काढावा असं सुचलं नाही.

पहिली गोल किक त्यांच्या गोलकीपरने जवळच्या बॅकला दिली. दुसरीही. तिसरीही. लांब मारण्याची हौस त्यांना कधीच नव्हती. गुरुवारी चिखल होता म्हणून चेंडू हवेतून न्यावा लागला होता, एवढंच. कोरड्या मैदानावर ही पोरं जमिनीवरून, दोन-दोन टच करत, शांतपणे वर येत होती. आणि आमचे बॅक दहा पावलं मागे होते, म्हणजे आमच्या मधल्या आणि मागच्या फळीत बैलगाडी वळवता येईल एवढी मोकळी जागा मी स्वतः तयार करून ठेवली होती. बाराव्या मिनिटाला त्याच जागेतून त्यांच्या मधल्या पोराने चेंडू घेतला, मान वर करून पाहिलं, हवा तेवढा वेळ घेतला आणि कोपऱ्यात मारला.

दुसरा गोल जास्त लाजिरवाणा. आमचे दोन सेंटर बॅक दहा नंबरला इमानाने चिकटले होते. तो डावीकडे गेला की हे दोघं डावीकडे. पण हा दहा नंबर एक बुटका, बुजरा पोरगा होता, चेंडू आला की लगेच दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. मधे कुणीच नव्हतं. तिथून एक उंच पोरगा आला आणि क्रॉसला डोकं लावून गेला. त्याच्या पाठीवर १७ होता.

मध्यंतराला पोरं पाणी पीत बसली. मी बोलायला लागणार तेवढ्यात उजवा बॅक म्हणाला, ‘सर, हाऊ तो दहा नंबर नही शे. गुरुवारना पोऱ्या आज सतरा नंबर घालीसन खेयी ऱ्हायना.’

मी विचारलं, ‘तुला कधी कळलं?’

‘सुरुवातलेच.’

‘मग बोलला का नाहीस?’

तो गप्प. कॅप्टन म्हणाला, ‘सर, तुम्ही दहा नंबर सांगितलं होतं ना.’

एकाच शाळेच्या १४ आणि १७ वर्षांखालच्या संघांना मिळून जर्स्यांचा एकच संच असतो, हे मला माहीत नसायचं कारण नाही. आमच्याकडेही तेच आहे. धुऊन वाळत घातलेल्या ढिगातून ज्याला जी मिळेल ती. गुरुवारी दुमडलेल्या बाह्या त्याच ढिगाच्या होत्या. पण माझ्या मनाला लागलं ते वेगळंच. त्या पोराने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, ओळखलं होतं, आणि सरांच्या यादीत तसं नाही म्हणून पंचवीसेक मिनिटं तोंड मिटून खेळला होता. माझी यादी नसती तर त्याने पहिल्या मिनिटाला ओरडून सेंटर बॅकला सांगितलं असतं. पोरं तशी ओरडतातच.

मी वही पिशवीत टाकली. ‘यादी विसरा. बॅक नेहमीच्या जागी. सतराला कोण धरेल ते तुम्ही ठरवा,’ एवढं सांगितलं. ते त्यांनी अर्ध्या मिनिटात ठरवलं. मी ठरवलं असतं त्याहून वेगळं, आणि बरोबर.

वहीतली एक गोष्ट मात्र मी ठेवायला सांगितली: थ्रो-इन. गुरुवारच्या सामन्यात मी एक पाहिलं होतं. लांब थ्रो येताना तो उंच पोरगा खुशाल बॅकच्या मागे, गोलकीपरपाशी उभा राहायचा आणि समोरच्या संघाची पोरं हात वर करून पंचाकडे ऑफसाइड (चेंडू दिला जाताना बचावाच्या पलीकडे उभं राहण्याची चूक) मागत बसायची. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. गोल किक आणि कॉर्नरलाही नसतो. नियम साधा आहे, पण शाळांच्या सामन्यात निम्म्या पोरांना तो ठाऊक नसतो, आणि जिल्ह्यात काही संघ त्यावरच गोल करतात. दुसरी बाजूही आहे: थ्रो-इनचा चेंडू कुणाला न लागता थेट गोलमध्ये गेला तर गोल धरत नाहीत, गोल किक मिळते. म्हणून घाबरून हात लावण्यापेक्षा सोडलेला बरा. हे दोन्ही आम्ही शुक्रवारी प्रत्यक्ष करून पाहिलं होतं. यादीतल्या ११ मुद्द्यांपैकी पोरांनी पायांनी केलेला हा एकच. बाकीचे दहा त्यांनी नुसते वाचले होते, किंवा वाचलेही नव्हते.

उत्तरार्धात पंधरा-एक मिनिटं झाल्यावर सहा नंबरने चेंडू उचलला, शर्टाला पुसला. आमचा गोलकीपर ओरडला, ‘पुसला!’ सगळे आपापल्या जागी. त्यांचे दोन्ही बॅक वर आलेले. चेंडू आमच्या सेंटर बॅकने डोक्याने बाहेर काढला, तो थेट कॅप्टनकडे, आणि कॅप्टनने मान न वळवता मोकळ्या जागेत पुढे दिला, कारण तिथे एकच माणूस मागे राहतो हे त्याने गुरुवारी माझ्या शेजारी उभं राहून पाहिलं होतं. आमचा विंगर एकटा पळाला. १-२.

शेवटची दहा मिनिटं आम्ही त्यांना त्यांच्या अर्ध्यात कोंडून ठेवलं, एक चेंडू खांबाला लागला. सामना १-२ ने गेला. ते पुढे अंतिम सामना जिंकून विभागाला गेले.

सामन्यानंतर चहाच्या टपरीवर भुसावळचे सर भेटले. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, सडपातळ, गळ्यात शिट्टी. म्हणाले, ‘सर, पहिल्या हाफमध्ये तुम्ही दहा नंबरवर दोन माणसं का लावली? तो पोरगा आठवीतला. जागा भरायला घेतला होता.’ मी वही काढून दाखवली. त्यांनी पानं उलटली, हसले नाहीत, हे विशेष. थ्रो-इनच्या पानावर थांबले आणि म्हणाले, ‘हे बरोबर पकडलं तुम्ही.’

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून बसच्या तिकिटामागे लिहिलेल्या तीन ओळी दाखवल्या. गुरुवारी सकाळी आमचा सामना त्यांनी गोलच्या मागून पाहिला होता. मी त्यांचा कडेच्या रेषेवरून. त्यांचं म्हणणं असं की कडेवरून बघितलं की कोण किती पुढे-मागे आहे ते कळतं, पण मैदानाच्या रुंदीत भोक कुठे आहे ते गोलमागूनच दिसतं. आणि त्यांनी पहिली दहा मिनिटं चेंडूकडे पाहिलंच नव्हतं. चेंडूपासून लांब असलेली पोरं काय करतात तेवढंच बघत होते.

तीन ओळी अशा होत्या. डावा बॅक पुढे पळत जातो, परत चालत येतो. गोलकीपर किक मारण्याआधी ज्या बाजूला बघतो तिकडेच मारतो. आठ नंबर गप्प झाला की सगळा संघ गप्प होतो.

आठ नंबर म्हणजे आमचा कॅप्टन. पहिला गोल खाल्ल्यावर तो खरंच गप्प झाला होता. मी चार वर्षं या पोरांबरोबर रोज सकाळी उभा राहतो, आणि यातली एकही ओळ मला माहीत नव्हती. ‘यातलं पोरांना काय सांगितलंत?’ मी विचारलं. ‘फक्त पहिली. तीही एकालाच, उजव्या विंगरला. बाकीच्यांना कशाला?’ बाराव्या मिनिटाचा तो गोल मी मनात पुन्हा फिरवून पाहिला. चेंडू सुरू झाला होता आमच्या डाव्या बॅकच्या मागून.

त्यानंतर माझी पद्धत थोडी बदलली. आता सामना बघायला गेलो की वहीच्या वर आधी मैदान कसं, ऊन की पाऊस, समोरचा संघ कसा, आणि सामना कितीवर असताना काय दिसलं, हे लिहितो. ३-० ने पुढे असलेला संघ जे खेळतो ते त्याचं खरं रूप नसतं. नंबर लिहीत नाही. ‘उंच, डावा पाय, मोजे खाली’ असं लिहितो. सामन्याआधी मैदानावरच सगळ्यांसमोर होणारा सराव बघायला वीस मिनिटं आधी जातो, कारण कोणता पाय कुणाचा ते तिथे न लपवता दिसतं. पोरांना मात्र निष्कर्ष सांगत नाही, प्रश्न देतो. पुढच्या वर्षी रावेरकडच्या एका संघाविरुद्ध दोनच दिले होते: ‘त्यांचा गोलकीपर जवळ देतो का लांब, हे पहिल्या पाच मिनिटांत मला ओरडून सांगा,’ आणि ‘थ्रो कोण टाकतं?’ सामना १-० ने जिंकला. त्याचं श्रेय प्रश्नांना द्यावं असं मला वाटत नाही, त्यांचा चांगला स्ट्रायकर आजारी होता. पण पाचव्या मिनिटाला मागून चार पोरं एकदम ‘लांब सर, लांब!’ म्हणून ओरडली, ते कानाला बरं वाटलं. पुढची फेरी आम्ही हरलो, त्यात माझ्या अभ्यासाचा काही दोष नव्हता. ते आमच्याहून चांगले होते.

एक मोह अजून सुटत नाही. सामना बघताना हात आपोआप लिहीत राहतो आणि पानं भरली की काम झाल्यासारखं वाटतं. २३ मुद्द्यांची ती वही मी कपाटात ठेवली आहे. अधूनमधून नव्या क्रीडाशिक्षकांना दाखवतो. बहुतेकांना ती आवडते, आणि तिथेच मला काळजी वाटते.

राहिली तिकिटामागची पहिली ओळ. सामन्यानंतर दोन दिवसांनी सकाळच्या सरावाला मी गोलच्या मागे उभा राहिलो आणि अर्धा तास फक्त डाव्या बॅककडे पाहिलं. अगदी खरं होतं. पुढे हरणासारखा जायचा आणि परत येताना बाजारातून पिशवी घेऊन यावं तसा. नऊ किलोमीटर सायकल मारून येतो, दमत असेल, असं मनाशी धरून मी त्याला जवळ बोलावलं आणि विचारलं, ‘दमतोस का रे? परत येताना चालत का येतोस?’

तो जरा वेळ बूट खरवडत राहिला.

‘दमत नही सर,’ तो म्हणाला. ‘पुढे पयाना टाइमले तुम्ही आरडतस, पय पय करतस. मांगे पयाना टाइमले कोन्ही आरडत नही.’